सात गाणी, सात खड्डे

आमच्या गावात नाटकाबद्दल मत नसलेला माणूस मिळणार नाही. ब्रह्मपुरीहून वडशाकडे निघालं की वैनगंगेच्या अलीकडे आत वळावं लागतं. पूर्व विदर्भातली ही झाडीपट्टी. दिवाळी झाली की होळीपर्यंत इथं नाटकांचा हंगाम. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, दिवसा पाहुणे आणि रात्री नाटक. दहाला पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतो. लोक चादरी-घोंगड्या घेऊन येतात, मधे झोपतात, उठून पुन्हा बघतात आणि सकाळी चहाच्या टपरीवर कोण कुठं चुकलं ते सांगतात. झाडीपट्टीच्या नाटकांतले कलावंत, गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याबद्दल इथल्या पानठेल्यावर घरचं कोणी बोर्डात पहिलं आल्यासारखं बोलतात. आमचा किराणावाला दोनदा राजा झालेला आहे. पिठाची गिरणी चालवणारे काका खलनायक.

आणि मी? मी अकोल्याकडची, बदली होऊन इथल्या जिल्हा परिषद शाळेत आलेली. माझा रंगमंचाचा अनुभव म्हणजे कॉलेजच्या एका एकांकिकेत शेजारीण. चार वाक्यं, त्यातलं एक ‘वाटीभर साखर मिळेल का?’

तर अशा गावात मी मुलांचं संगीत नाटक बसवलं. ठरलं ते एका बैठकीत, भलत्याच घाईत. मुख्याध्यापक म्हणाले, “या वर्षी स्नेहसंमेलनात रेकॉर्ड डान्स नको. मागच्या वर्षी त्या गाण्यावरून पालकांची भांडणं झाली.” सगळे गप्प. मला शांतता सहन होत नाही. मी म्हटलं, “गाण्यांचं नाटक करू या.” सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं. दिग्दर्शक म्हणून माझी निवड झाली ती अशी.

नाटक मीच लिहिलं, कारण तेवीस पोरांना पुरेल असं दुसरं हाताशी नव्हतं. गोष्ट बेंडकाची. (पुण्यामुंबईकडचे बेडूक म्हणतात. आमच्याकडे तो बेंडूकच.) पाऊस लांबला की गावातली पोरं बेंडूक धरतात, मुसळाला बांधतात आणि ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत घरोघर फिरतात. लोक वरून पाणी ओततात. ही रीत इथल्या पोरांना सांगावी लागत नाही. माझ्या नाटकातला बेंडूक सुटून तळ्यात परत येतो आणि रुसतो, म्हणतो, आता मी गाणारच नाही. तो गात नाही म्हणून ढग येत नाहीत. मग त्याची समजूत घालायला सारस, खेकडा, कासव, शिंगाडा, तळ्याची पाळ, सगळे येतात. तळं अर्थात आमचंच, मालगुजारांच्या काळातलं. सरकारी कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात नुसता मामा तलाव. सात गाणी, पन्नास मिनिटं.

पोरांची खरी नावं इथं लिहीत नाही. गावातही आता त्यांना बेंडूक, सारस, खेकडा अशीच हाक मारतात, तेव्हा तेच चालवते.

पहिल्या आठवड्यात मी संहितेच्या झेरॉक्स वाटल्या. ती माझी पहिली चूक. पोरं कागदात तोंड घालून वाचायला लागली, अगदी धडा वाचल्यासारखी, पूर्णविरामाला थांबून. कासव तर ‘कंसात, हळूहळू येतो’ हेही मोठ्यानं वाचत होतं. तिसऱ्या दिवशी सगळे कागद परत घेतले. त्याऐवजी मी प्रसंग सांगायचे आणि विचारायचे, तू असतास तर काय म्हटलं असतंस? खेकड्याचं माझ्या हातचं वाक्य होतं, “महाराज, आपण रागावू नये.” तिसरीतला खेकडा म्हणाला, “बापा, येवढा काऊन फुगून रायला?” माझं वाक्य गेलं, त्याचं राहिलं. अशी माझी निम्मी वाक्यं गेली. थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू?

संवाद असे मार्गी लागले. अडलं ते गाण्यांपाशी.

चाली मला येत नव्हत्या. त्या मिळाल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून. तांदूळ निवडताना त्या रोवणीची गाणी गुणगुणतात. चिखलात वाकून धान लावताना बाया म्हणतात ती. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. मी मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं, त्या वळणावर माझे शब्द बसवले आणि पेटी वाजवायला बुवांना गाठलं. बुवा सत्तरीचे. तरुणपणी नाटकांना ऑर्गन वाजवायचे, आता गावच्या भजनाला पेटी धरतात. मानधन विचारलं तर म्हणाले, “चहा पाजजो.” खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खायला मात्र ते दर वीस मिनिटांनी शाळेच्या फाटकाबाहेर जात. तालमीचं वेळापत्रक त्यावरच बसलं.

बुवांनी भजनाच्या सवयीनं काळी एक धरली, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानला. पोरं गायला लागली आणि ओळीच्या शेवटी सगळी गायब. तोंडं हलत होती, आवाज नाही. मला वाटलं लाजतात. “मोठ्यानं म्हणा!” मी ओरडले. ती किंचाळली, आणि पुन्हा त्याच जागी गायब. दोन दिवस मी पोरांवर चिडले. तिसऱ्या दिवशी बुवा म्हणाले, “मॅडम, पोरं बरोबर आहेत. सूर चुकला.” मावशींची चाल खालच्या पंचमापर्यंत उतरते. काळी एकमध्ये तो पंचम मावशींच्या भरदार आवाजाला सोपा, पण आठ-नऊ वर्षांच्या गळ्यात तो सूर नसतोच. तो काढा म्हणणं म्हणजे बादली विहिरीत सोडून दोर अर्धाच देणं. बुवांनी पांढरी चार घेतली. तोच पंचम आता वरच्या जागी आला आणि बावीस पोरांचा आवाज एकदम वर्गाबाहेर गेला. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मी दोन दिवस ज्यांना बोलले होते त्या पोरांना त्या दिवशी शेंगदाण्याची चिक्की आणली.

तेविसावा कोण? सारस. सातवीतला, उंच, लांब मानेचा, जन्मतःच सारस म्हणावा असा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज फुटला. सोमवारी गात होता, गुरुवारी गाडीचा गिअर अडकल्यासारखा आवाज यायला लागला. पोरं हसली. तो तालमीला यायचा थांबला. मी घरी गेले तर म्हणाला, “मॅडम, मले काढा.” काढलं नाही. त्याचं गाणं कासवाकडे दिलं आणि सारसाला बोलायचं ठेवलं. मग त्या फाटक्या आवाजात तो असा गंभीर वाटायला लागला की म्हातारा सारस वाटावा. हे माझं कौशल्य नव्हे, वयाचा महिमा.

आता खड्ड्यांबद्दल.

संगीत नाटकात गाणी असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बोलणं संपतं आणि गाणं सुरू होतं, त्या मधल्या जागेबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सलग तालमीत खेकडा म्हणाला, “मंग आता पानी आनंल कोन?” इथं पहिलं गाणं. खेकडा थांबला. मी बुवांकडे पाहिलं. बुवांनी भाता हलवला, सूर चाचपला, सा लावला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बेंडकानं नाक खाजवलं. शिंगाड्यांपैकी एकीनं उचललं, दुसरीनं तिच्यावर वेगळ्याच सुरात उचललं, आणि तिसरी ओळ येईपर्यंत ती एकत्र आली नाहीत. मी पुढच्या वेळी मोबाइलवर मोजलं. वाक्य संपून गाणं धड सुरू होईपर्यंत अकरा सेकंद. अकरा सेकंद म्हणजे काही नाही असं वाटत असेल तर चारचौघांत बोलता बोलता अकरा सेकंद गप्प बसून बघा. गोष्ट चालत चालत येते आणि त्या जागी खड्ड्यात पडते. सात गाणी, सात खड्डे. मी वहीत त्यांना नंबर दिले.

पहिला उपाय मी शिक्षकी केला. “पेटी वाजली की मनात चार मोजा, मग सगळ्यांनी मिळून.” पोरांनी मोजलं. मोठ्यानं. “एक, दोन, तीन, चार, तळं सुकलं…” आठवडाभर त्या नाटकात पाढे म्हणतात असंच वाटायचं. दुसरा उपाय, मी समोर बसून हातानं खूण करणार. मग पोरं बेंडकाकडे बघेनात, कासवाकडे बघेनात, सगळा वेळ माझ्या हाताकडे डोळे. एकदा मी डास मारला आणि चौथं गाणं सुरू झालं.

शेवटी बुवाच एकदा खर्रा थुंकून आत आले आणि म्हणाले, “तुमी गाण्याले एकदम उभं करता. सूर आधी पेराले पायजे ना. पऱ्हे टाकल्याबिगर रोवना होते का?” धानाची रोपं आधी एका बांधीत दाट पेरतात, त्यांना पऱ्हे म्हणतात. ती वाढली की उपटून दुसरीकडे रोवतात. बुवांचं म्हणणं असं की गाण्याच्या आधीची दोन वाक्यं बोलली जात असतानाच पेटीवर सा धरून ठेवायचा, अगदी बारीक, बोलण्याच्या खाली. लोकांना कळतही नाही, पण पोरांच्या कानात तो मुरतो. वाक्य संपतं तेव्हा सूर शोधायचा राहत नाही, नुसतं पाऊल टाकायचं.

करून पाहिलं. अकरा सेकंदांचे चार झाले.

उरलेले चार मी माझ्या बाजूनं खणून काढले. वाक्याचा शेवटचा शब्द तोच गाण्याचा पहिला शब्द केला. खेकडा विचारतो, “मंग आता पानी आनंल कोन?” आणि गाणं सुरू होतं, ‘कोन गा कोन, ढगाला सांगावा धाडील कोन…’ खेकड्याचा तो शेवटचा ‘कोन’ बोलण्यातला की गाण्यातला, हे त्यालाही कळत नसे, आणि तेच हवं होतं. दोन गाण्यांना हे जमलं नाही. तिथं पाय वापरले. पाळ झालेल्या पोरी वाक्य चालू असतानाच जागच्या जागी पाय आपटू लागायच्या, चिखल तुडवल्यासारख्या, त्यावर ढोलकी यायची, ढोलकीवर गाणं. पाचवा खड्डा मात्र शेवटपर्यंत भरला नाही. तिथं मी गाणंच कापलं, म्हणजे सात गाण्यांची सहा झाली. चांगलं गाणं होतं. अजून वाईट वाटतं.

याच काळात मोठा घोळ बेंडकाचा झाला. बेंडूक चौथीतला, चेंडूसारखा पोरगा. त्याला बघितलं की माणूस हसतो. रुसून बसायला सांगितलं तर असा रुसायचा की शिंगाडे खरंच त्याची समजूत घालायला जायचे. पण सुराशी त्याचं सात जन्मांचं वैर. शेवटी बेंडूक गातो आणि पाऊस येतो, म्हणजे नाटकाचा सगळा भार त्या एका गाण्यावर. आणि तो गायला लागला की पेटी वेगळ्या गावाला, तो वेगळ्या.

दुसरीकडे सहावीतली एक मुलगी होती. गळा असा की ती म्हणायला लागली की मावशी खिचडी ढवळायच्या थांबत. पण स्टेजवर उभी राहणार नाही म्हणजे नाही. तिला शिंगाडा करून पाहिलं, पाळ करून पाहिलं. लोकांसमोर आणलं की तिच्या तोंडाला कुलूप.

बेंडूक बदलावा का यावर शिक्षक खोलीत चर्चा झाली. मी रात्रभर झोपले नाही, हे जरा वाढवून सांगते आहे, पण बारापर्यंत जागी होते. सकाळी बुवांना विचारलं. ते म्हणाले, “त्याले नाचू दे, तिले गाऊ दे.” मी म्हटलं, “ही तर फसवणूक झाली.” बुवा हसले. दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, काय होतं, म्हणाले, नाचणारा पुढं, साथीला गाणारे झीलकरी मागं. कोणाचा आवाज आहे हे कोणी विचारतं का?

मग मला डी.एड.च्या वेळी वाचलेलं आठवलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, तेव्हा पदं पात्रं म्हणतच नव्हती. सूत्रधार आणि त्याचे साथीदार गात, पात्रं त्यावर अभिनय करत आणि मग आपल्या मनानं चार वाक्यं बोलत. पात्रांनी स्वतः गायचं ही चाल अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पक्की केली. परीक्षेसाठी मी ही दोन सालं घोकली होती, गुण मिळाले होते, आणि त्या वाक्यांचा अर्थ मला ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका वर्गात, बेसूर बेंडकापायी कळला. भाव्यांच्याकडेही एखादा बेंडूक असला पाहिजे असं मला आता वाटतं.

तर मुलगी पेटीशेजारी, बाजूच्या कापडाआड बसणार. लोकांना दिसणार नाही, पण बेंडकाला ती दिसली पाहिजे. पंधरा दिवस दोघांनी मधल्या सुट्टीत सराव केला. ती श्वास घ्यायची तेव्हा त्याचे गाल फुगायचे. तिनं आलाप घेतला की तो गळा थरथरवायचा. भांडणंही झाली. “हा आधीच तोंड बंद करते,” ही तिची तक्रार. “हे लंबं लंबं ओढते,” ही त्याची.

दिवस आणि वेळ हा वेगळाच तंटा. गावाचं म्हणणं, नाटक म्हणजे रात्री. किराणावाल्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, “किती घंट्याचं आहे?”

“पन्नास मिनिटांचं.”

“इंटरवल पकडून?”

त्यांना ते नाटकाच्या व्याख्येतच बसेना. पण माझी सात पोरं दीड किलोमीटरवरच्या टोलीवरून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरून, येतात आणि मधे जंगलाचा पट्टा आहे. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ किती आहेत हे पेपरात वाचायचं, आणि कुठं आहेत हे गुराख्याला विचारायचं, अशी इथं पद्धत. तालमीसुद्धा मी शाळेच्या शेवटच्या दोन तासिकांत आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घ्यायची. ऊन उतरायच्या आत टोलीची पोरं घरी, हा नियम. धान कापणी-मळणीच्या दिवसांत तर अर्धी पोरं शेतावर, तेव्हा उरलेल्यांनी गैरहजर लोकांचीही कामं करायची. त्याचा फायदा असा झाला की शिंगाड्यांना कासवाचं पाठ आणि कासवाला खेकड्याचं. प्रॉम्प्टर लागलाच नाही. गिरणीवाल्या काकांना हे पटत नव्हतं. प्रॉम्प्टरशिवाय नाटक म्हणजे ब्रेकशिवाय ट्रॅक्टर, असं त्यांचं मत.

शेवटी २६ जानेवारीला, झेंडावंदन आणि भाषणं आटोपून, दुपारी तीनची वेळ ठरली. ग्रामपंचायतीसमोरचा सिमेंटचा रंगमंच, बुरडांकडून आणलेल्या बांबूच्या तट्ट्या, मंडपवाल्याचे दोन माइक वरून टांगलेले. कपड्यांचा खर्च वर्गणीतून, तीन हजार दोनशे. सारसाला जुनं धोतर आणि लाल टोपी, खेकड्याला केशरी सोलर पंपाच्या जाहिरातीचं बॅनर कापून नांग्या. शिंगाड्यांना क्रेप कागदाचे झगे. बेंडकाला खायचा हिरवा रंग खोबरेल तेलात कालवून तोंडाला, मानेला, हातांना. ही युक्ती मी कुठंतरी ऐकली होती. तो रंग निघतो कसा, हे ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मी तपासली नाही. तालीम आम्ही त्या रंगमंचावर नेहमी सकाळी, शनिवारी केली होती. रंगमंचाचं तोंड पश्चिमेला. दुपारी तीनला ऊन सरळ पोरांच्या डोळ्यांत. पडदा उघडला आणि तळ्यातले सगळे प्राणी डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून उभे. लोकांना वाटलं ते ढग शोधताहेत. एका आजींनी तर तसं मोठ्यानं सांगितलंही, आणि मी तट्टीमागं उभी राहून तो अर्थ मनातल्या मनात स्वीकारला.

पहिलं गाणं. बुवांनी सा धरला. खेकडा म्हणाला, “मंग आता पानी आनंल कोन?” आणि ‘कोन’ वर बावीस गळे. खड्डा नव्हता. मी श्वास सोडला तो दुसऱ्या गाण्याला पुन्हा धरण्यासाठी. तिसऱ्यापर्यंत क्रेप कागद घामानं सुटायला लागला, शिंगाड्यांचे पाय हिरवे झाले. कासव पाठ दाखवायचं नाही हे विसरलं, पण कासवाची पाठच बघायची असते, तेव्हा चाललं.

मग बेंडकाचं गाणं आलं. कापडाआडून मुलीनं आवाज लावला. बेंडकाचे गाल फुगले. पहिला अंतरा संपतो न संपतो तोच गिरणीवाले काका उठले. सरळ पायऱ्या चढून वर आले, खिशातून पन्नासची नोट काढली, बेंडकाच्या छातीला लावली, माइकपाशी वाकून म्हणाले, “बेंडकाले माझ्याकडून पन्नास रुपये!” मागून टाळ्या, शिट्ट्या. आमच्याकडे ही रीत आहे, चांगलं काम दिसलं की तिथल्या तिथं बक्षीस. मी ते रात्रीच्या नाटकांत दहा वेळा पाहिलं होतं आणि माझ्या नाटकात होईल हे डोक्यात आलं नव्हतं. बेंडूक पाण्यातून उठून काकांच्या पाया पडला. मग आणखी तिघं वर आले. गाणं थांबलेलं. कापडाआड मुलगी माझ्याकडे बघते आहे. आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं आरोळी आली, “वन्समोर!”

सहा खड्डे मी महिनाभर बसून भरले होते. हा सातवा कोणी न सांगता उघडला होता. गाणं मधून परत सुरू कसं करायचं? ओळ कुठली? सूर कोण देणार? बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मी बुवांकडे. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला तेव्हा डाससुद्धा चावत नव्हता.

खेकडा पुढं आला. तिसरीतला. त्यानं बेंडकाच्या छातीवरची नोट नीट बसवली, दोन पावलं मागं गेला आणि गाण्याच्या आधीचं आपलं वाक्य पुन्हा म्हटलं, जणू आत्ताच पहिल्यांदा सुचलंय, “बापा, येक डाव तरी म्हन ना गा.” बुवांचा सा त्याच्या वाक्याखाली केव्हा आला ते मला कळलं नाही. बेंडूक वळला, बसला, गाल फुगवले, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. हे मी शिकवलं नव्हतं. तो पोरगा चार वर्षांचा असल्यापासून बापाच्या मांडीवर रात्र-रात्र नाटकं बघतो, वन्समोरला काय करतात हे त्यानं माझ्याआधी पाहिलेलं होतं.

तीन वेळा वन्समोर झाला. तिसऱ्या वेळी मुलीचा आवाज बसायला आला होता, तरी ती थांबली नाही. पाऊस म्हणून आम्ही तट्टीवरून मुरमुरे टाकणार होतो. ते तोवर खालच्या पिल्लावळीनं निम्मे खाल्ले होते, त्यामुळे पाऊस कमी झाला. पन्नास मिनिटांचं नाटक एक तास वीस मिनिटांनी संपलं. टोलीच्या पोरांना ट्रॅक्टरमध्ये घालून पाठवलं तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यावर होता आणि माझा जीव ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यावर.

किराणावाले जाताना म्हणाले, “बेस झालं. पन अर्धंच वाटलं. घोंगडी तशीच वापस नेतो आता.”

दोन दिवसांनी शाळा भरली. बेंडकाच्या कानामागं आणि नखांत हिरवा रंग तसाच. त्याच्या आईनं निरोप पाठवला होता, रॉकेल लावू का? मी घाबरून नको म्हटलं. मधल्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर वहीचं फाडलेलं पान, व्यवस्थित चौघडी करून. सहावीला पत्रलेखन मीच शिकवते, तेव्हा मायना, दिनांक, विषय सगळं जागच्या जागी होतं. प्रति, माननीय मुख्याध्यापक. विषय: बक्षिसाचा हिस्सा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, नाटकात बेंडूक यास एकूण एकशे ऐंशी रुपये मिळाले. त्यापैकी नव्वद रुपये आवाजाचे आहेत. तरी ते मिळावेत ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक, आणि खाली सही.

मी तो अर्ज पुढं पाठवला. सरांनी चष्मा लावून दोनदा वाचला, लाल पेन काढलं आणि समासात शेरा मारला: ‘मागणी रास्त. बेंडकास समक्ष बोलवावे.’